पहिल्यावरून दुसऱ्या गिअरवर जाताना बसणारा गचका : कारणे आणि उपाय

तक्रार सहसा अशी असते. मॅन्युअल गिअरची स्पोर्ट्स कार नुकतीच हाती आलेली असते, ती जागेवरून बऱ्यापैकी निघते, पहिल्या गिअरमध्ये झटकन वेग घेते, आणि दुसरा गिअर टाकून क्लच सोडला की गचका खाते. तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरवर जाताना हा त्रास जवळजवळ जाणवत नाही. दुसऱ्या गिअरचा गचकाही रोज सारखा नसतो. एखाद्या दिवशी तो गायब होतो, आता हात बसला असे चालकाला वाटते, आणि दुसऱ्याच दिवशी तो पुन्हा हजर होतो. क्लच अगदी हळू सोडला तर गचका कमी होतो खरा, परंतु मग गाडी रेंगाळते आणि असे वीस-पंचवीस वेळा केल्यावर जळका वास येऊ लागतो. या टप्प्यावर बहुतेक जण क्लच खराब झाला आहे असा निष्कर्ष काढतात.

मीही तोच काढला होता. माझ्या दोन आसनी, मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीची क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग मी एकदमच बदलून घेतले. काढलेली जुनी प्लेट मेकॅनिकने माझ्या हातात दिली, तेव्हा तिच्या अस्तरावरच्या खाचा अजून स्पष्ट दिसत होत्या, रिव्हेटांची डोकी अस्तराच्या पातळीपेक्षा बरीच खाली होती आणि मधल्या स्प्रिंगा आपापल्या घरात घट्ट बसलेल्या होत्या. म्हणजे ती प्लेट अजून बराच काळ चालली असती. नवा क्लच बसवून गाडी बाहेर काढली, दुसरा गिअर टाकला आणि तोच गचका बसला. त्या दिवसापासून हा गचका नेमका कोणत्या क्षणी आणि कोणत्या दिशेने बसतो हे मी पाहू लागले, आणि उत्तर तिथेच सापडले. क्लचमध्ये काही बिघडलेले नव्हते. मी क्लच सोडत होते त्या क्षणी इंजिन एका वेगाने फिरत होते आणि चाके त्याला दुसऱ्याच वेगाची मागणी करत होती. ही तफावत एका क्षणात मिटवायला लावली की जे जाणवते तोच गचका.

आधी गचक्याची दिशा ओळखा

दुसरा गिअर टाकून क्लच सोडल्यावर डोके पुढे झुकत असेल, तर गाडीला क्षणभर ब्रेक लागल्यासारखे झाले आहे. इंजिनाच्या फेऱ्या गरजेपेक्षा खाली गेल्या होत्या आणि त्या वर खेचण्यासाठी गाडीने स्वतःचा वेग खर्च केला. याउलट डोके मागे आसनाकडे ढकलले जात असेल, तर फेऱ्या गरजेपेक्षा जास्त होत्या आणि इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चाकात, म्हणजे फ्लायव्हीलमध्ये, साठलेली ती ऊर्जा एकदम चाकांवर आली. पहिल्या प्रकारात तुम्ही गिअर बदलायला फार वेळ घेतला असतो. दुसऱ्या प्रकारात फार घाई केलेली असते किंवा क्लच पूर्ण सुटण्याआधीच रेस दिलेली असते. दोन्हींना आपण गचका हा एकच शब्द वापरतो, आणि म्हणूनच ‘क्लच हळू सोड’ हा एकच सल्ला सर्वांना दिला जातो. खरे तर पहिल्या माणसाला हात लवकर चालवायला सांगायला हवे आणि दुसऱ्याला थोडे थांबायला.

स्वतःच्या डोक्याची हालचाल स्वतःला नीट कळत नाही, कारण गचका येणार हे माहीत असल्यामुळे मान आधीच आवळलेली असते. यावर मला उपयोगी पडलेला उपाय अगदी साधा आहे. अर्धी भरलेली, झाकण घट्ट लावलेली पारदर्शक बाटली दोन आसनांच्या मधल्या कपाच्या खळग्यात ठेवावी आणि शेजारी बसलेल्या व्यक्तीला तिच्याकडे पाहायला सांगावे. पाणी बाटलीच्या पुढच्या भिंतीवर चढले तर फेऱ्या कमी पडल्या, मागच्या भिंतीवर चढले तर त्या जास्त होत्या. चालकाने बाटलीकडे पाहू नये, त्याने रस्ताच पाहावा. शेजारच्याने फक्त ‘पुढे’ किंवा ‘मागे’ एवढेच म्हणावे. मोकळ्या, सपाट, रहदारी नसलेल्या जागी असे दहा-पंधरा वेळा केले की आपली चूक एकाच बाजूची आहे की दोन्ही बाजूंना भरकटते आहे, हे ध्यानात येते.

दिशेइतकाच क्षणही महत्त्वाचा आहे. माझ्या बाबतीत दहापैकी चार गचके क्लच सोडताना बसतच नव्हते; ते क्लच दाबण्याच्या आधी बसत होते. पहिल्या गिअरमध्ये जोरात जात असताना मी ॲक्सिलरेटरवरून पाय एकदम उचलत होते आणि डावा पाय क्लचपर्यंत पोहोचेतो अर्धा क्षण जात होता. पहिला गिअर इंजिनाचा जोर जसा कितीतरी पटींनी वाढवून चाकांना देतो, तसाच तो इंजिनाचा अटकावही तितक्याच पटींनी वाढवून देतो, त्यामुळे तेवढ्या अर्ध्या क्षणातही गाडी नाक खाली करते. मग क्लच दाबला की ती ताणातून सुटून परत उसळते, आणि हे सारे इतक्या लवकर घडते की दोष क्लच सोडण्याच्या माथी मारला जातो. ॲक्सिलरेटर सोडणे आणि क्लच दाबणे ही एकाच हालचालीची दोन टोके असायला हवीत, त्यात ॲक्सिलरेटर केसभर आधी. उलट क्रम झाला, म्हणजे रेस चालू असतानाच क्लच दाबला गेला, तर इंजिन मोकळे होऊन ओरडते. त्या चुकीचा आवाज लगेच कानावर येतो, म्हणून ती सुधारायला सोपी जाते.

दुसऱ्याच गिअरवर हे का घडते

याचे उत्तर आकड्यांत आहे. १९८९ मध्ये आलेल्या माझ्दा एमएक्स-५ च्या पाच गिअरच्या पेटीचे उदाहरण घेऊ. तिचे गुणोत्तर, म्हणजे पेटीतून बाहेर जाणाऱ्या शाफ्टच्या एका फेरीमागे इंजिनाच्या किती फेऱ्या होतात तो आकडा, पहिल्या गिअरला ३.१३६, दुसऱ्याला १.८८८, तिसऱ्याला १.३३०, चौथ्याला १.००० आणि पाचव्याला ०.८१४ आहे. इंजिन मिनिटाला ४००० फेऱ्यांवर असताना पहिल्यावरून दुसरा गिअर टाकला, तर त्याच वेगाला इंजिनाने सुमारे २४०० फेऱ्यांवर यायला हवे, म्हणजे १६०० फेऱ्यांची घसरण. दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना ४००० वरून सुमारे २८२० वर, तिसऱ्यावरून चौथ्यावर जाताना सुमारे ३०१० वर आणि चौथ्यावरून पाचव्यावर जाताना सुमारे ३२६० वर यायचे असते. पहिली पायरी सर्वांत उंच आणि त्यानंतरची प्रत्येक पायरी आधीपेक्षा ठेंगणी. टोयोटा ८६ च्या सहा गिअरच्या पेटीतही पहिल्या दोन गिअरांची गुणोत्तरे ३.६२६ आणि २.१८८ आहेत, म्हणजे ४००० वरून तिथेही जवळपास २४०० वरच उतरावे लागते. दुसऱ्या गिअरलाच गचका बसतो यात नवल नाही. सर्वांत मोठी तफावत तिथेच मिटवायची असते, आणि चुकलेल्या प्रत्येक फेरीचा परिणाम त्या खालच्या गिअरमध्ये चाकांवर सर्वांत जास्त उमटतो.

ही घसरण इंजिनाच्या वेगाच्या प्रमाणात वाढते. २५०० वर गिअर बदलला तर फक्त हजारेक फेऱ्या उतरायच्या असतात. ६००० वर बदलला तर सुमारे २४००. होंडा एस२००० च्या पहिल्या, दोन लिटरच्या इंजिनाची लाल रेषा, म्हणजे फेऱ्यांची कमाल मर्यादा, ९००० वर होती, आणि तिथे पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना ३००० पेक्षा अधिक फेऱ्यांची दरी पडते. शिकणाऱ्याची अडचण इथेच होते. गाडी जोरात पळवताना त्याचा हात आपोआप घाईने चालतो, वास्तविक तेव्हाच फेऱ्या उतरायला जास्त वेळ लागणार असतो. आणि सावकाश चालवताना हात रेंगाळतो, जेव्हा वेळ कमी असतो. गचका एका दिवशी पुढचा आणि दुसऱ्या दिवशी मागचा का बसतो, याचा अर्धा उलगडा एवढ्यावर होतो. उरलेला अर्धा इंजिनाच्या तापमानात आणि वातानुकूलन यंत्रात आहे. थंड इंजिन आपला मंदवेग, म्हणजे रेस न देता फिरण्याचा वेग, मुद्दाम वर ठेवते, त्यामुळे फेऱ्या सावकाश उतरतात; वातानुकूलन चालू असताना त्याचा कॉम्प्रेसर इंजिनावर ओझे टाकतो आणि त्या लवकर उतरतात. म्हणून सराव सुरू करण्याआधी इंजिन पूर्ण तापू द्यावे आणि पहिले काही दिवस वातानुकूलन एकाच स्थितीत ठेवावे.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. गिअर लोण्यासारखा आत जातो, कुठे खरखर होत नाही, म्हणजे आपले बरोबर चालले आहे, असे पुष्कळांना वाटते. १९२८ मध्ये कॅडिलॅकच्या मोटारींतून सिंक्रोमेश आले आणि पुढे ते सर्वत्र रुळले. शंकूच्या आकाराच्या कड्या घर्षणाने गिअर आणि शाफ्ट यांचा वेग जुळवतात आणि मगच दात एकमेकांत जातात. परंतु त्या वेळी क्लच दाबलेला असतो, म्हणजे इंजिन या व्यवहाराच्या बाहेर असते. सिंक्रोमेश गिअरपेटीतले वेग जुळवते. इंजिनाचा वेग जुळवण्याचे काम सर्वस्वी चालकाचे आहे.

आपल्या गाडीचा वेळ मोजा

आता मुख्य चाचणी. गाडी सपाट जागी उभी करावी, हँडब्रेक ओढावा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा आणि तापलेले इंजिन ४००० च्या थोडे वर न्यावे. ॲक्सिलरेटर सोडावा आणि फेऱ्या दाखवणारा काटा ४००० वरून २४०० वर यायला किती वेळ लागतो ते मोजावे. फोनवर काट्याचे चित्रीकरण करून नंतर पाहिले तर अधिक अचूक कळते. हा तुमच्या गाडीचा गिअर बदलण्याचा नैसर्गिक वेळ आहे. हलके फ्लायव्हील असलेल्या गाडीत तो फार थोडा असतो, जड फ्लायव्हीलच्या गाडीत पुष्कळ जास्त. तुमचा हात आणि पाय मिळून क्लच दाबण्यापासून तो पकडेपर्यंत जेवढा वेळ घेतात, तो या वेळेशी जुळला की गचका बसायला काही कारणच उरत नाही. मी हे पहिल्यांदा मोजले तेव्हा माझा हात इंजिनापेक्षा जवळजवळ दुप्पट वेगाने चालत असल्याचे दिसले, आणि मी इतके दिवस आणखी झटपट गिअर टाकण्याचा सराव करत होते.

काही आधुनिक गाड्यांत ही चाचणी एक वेगळीच गोष्ट उघड करते. ॲक्सिलरेटर सोडल्यावरही काटा क्षणभर जागेवरच थबकतो आणि मग उतरू लागतो. ॲक्सिलरेटर सोडताच हवा एकदम तोडली तर धुरात न जळलेले इंधन वाढते, म्हणून इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल मुद्दाम सावकाश बंद केला जातो. हा बिघाड नाही आणि पायाच्या कौशल्याने तो घालवताही येत नाही. त्याच्याशी जुळवून घ्यावे लागते. अशा गाडीत २५०० ते ३००० च्या दरम्यान गिअर बदलावा, ॲक्सिलरेटर नेहमीपेक्षा किंचित आधी पण हळुवार उचलावा, आणि न्यूट्रलमधून जाताना हाताला छोटासा विराम द्यावा. गाडी चालत असताना हे थबकणे उभ्या गाडीतल्या चाचणीपेक्षा थोडे कमी-अधिक असू शकते, त्यामुळे अंतिम निकाल बाटलीतल्या पाण्याचाच मानावा.

वेळ जुळवायचा सराव करताना क्लच सोडण्याची पद्धतही बदलावी लागते. जागेवरून निघताना क्लच जिथे पकडतो तिथे पाय रोखायचा असतो, हे सर्वांना शिकवले जाते, आणि मग तीच सवय चालत्या गाडीत गिअर बदलतानाही लागते. चालत्या गाडीत, फेऱ्या जुळलेल्या असताना, रोखण्याची गरज नसते. पेडल जमिनीपासून पकड सुरू होईपर्यंत झटकन वर यावे, पकडीच्या दोन बोटांएवढ्या पट्ट्यातून अखंड पण सौम्य जावे आणि पुढे मोकळे सुटावे. पूर्ण सुटल्यावर मगच ॲक्सिलरेटर दाबायला सुरुवात करावी, आणि तीही अशी की पहिल्या क्षणी गिअरपेटी, तिच्यापासून मागे ताकद नेणारा प्रोपेलर शाफ्ट आणि ती दोन्ही चाकांत वाटणारा डिफरेन्शिअल यांच्या दातांमधला मोकळेपणा हलकेच भरून यावा. त्या मोकळेपणाला एकदम ठोकले, तर सारे अचूक जुळवूनही शेवटी ‘टक्’ असा बारीक धक्का बसतोच.

जागेवरून निघण्याचा पाया

वरचे सगळे करूनही काहींचा पाय थरथरतो, आणि त्याचे मूळ बहुधा बसण्यात असते. क्लच पूर्ण दाबल्यावर गुडघ्यात थोडा बाक उरला पाहिजे आणि पाठ आसनापासून सुटता कामा नये. आसन लांब असेल तर पेडलच्या शेवटच्या भागात आपण पायाऐवजी कमरेने ढकलतो, आणि कमरेला तेवढे बारकावे कळत नाहीत. टाच जमिनीवर टेकवावी की नाही, यावर मतभेद आहेत. माझे मत असे की पाऊल पेडलच्या प्रवासाला पुरेसे लांब असेल तर निघताना टाच टेकलेलीच बरी, कारण मग हालचाल फक्त घोट्यातून होते. पाऊल लहान असेल तर हट्ट धरू नये. जाड, मऊ तळव्यांचे बूट मात्र निश्चितपणे टाळावेत, कारण क्लच पकडू लागल्याची पेडलमधून येणारी बारीक कंपने त्या तळव्यातच विरून जातात.

पकडीची जागा ओळखण्यासाठी सपाट जागी ॲक्सिलरेटरला हात न लावता, म्हणजे पाय अजिबात न ठेवता, फक्त क्लच सोडत गाडी हलवावी. तीन-चार सेकंदांत पेडल इतके सावकाश वर आणावे की काटा जरासा खाली झुकेल, गाडीचे नाक किंचित उचलल्यासारखे होईल आणि चाके फिरू लागतील. इंजिन बंद पडले तर तुम्ही त्या पट्ट्यातून घाईने गेलात, एवढाच त्याचा अर्थ. हे वीस वेळा सलग न चुकता जमेपर्यंत ॲक्सिलरेटर वापरू नये. त्यानंतर १२०० ते १५०० फेऱ्यांवर निघण्याचा सराव करावा.

जास्त रेस देऊन निघाले तर गाडी बंद पडत नाही, म्हणून शिकणारे त्या सवयीचा आधार घेतात; परंतु त्याची किंमत क्लच प्लेट मोजते. सपाट रस्त्यावर इंजिन एकाच वेगावर ठेवून क्लच घासत निघाले, तर तो पूर्ण पकडेपर्यंत गाडीला जेवढी गतिज ऊर्जा मिळते, जवळपास तेवढीच ऊर्जा क्लचमध्ये उष्णता होऊन जाते. ही ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून १५०० ऐवजी ३००० फेऱ्यांवर निघणे म्हणजे दुप्पट नव्हे, तर सुमारे चौपट उष्णता. जळका वास आला तर सराव थांबवावा आणि काही वेळ क्लच न घासता, एकाच गिअरमध्ये गाडी चालवत ठेवावी, म्हणजे वाहत्या हवेने क्लचभोवतीच्या घंटेसारख्या आवरणातली उष्णता निघून जाईल. चढावर अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरणे हा त्याच नासाडीचा संथ प्रकार आहे. तिथे हँडब्रेकच वापरावा. गाडी चालू लागल्यावर डावा पाय पेडलवरून पूर्णपणे काढून बाजूच्या पायठेवणीवर ठेवावा, नुसता टेकवलेलाही नको.

हाताची बाजू

गिअरचा दांडा मुठीत आवळून धरणे ही दुसरी नेहमीची चूक. दांड्याला मधल्या रांगेकडे, म्हणजे तिसऱ्या-चौथ्याकडे, आणणाऱ्या स्प्रिंगा आत असतात. त्यांना काम करू द्यावे. पहिल्यावरून दुसऱ्यावर येताना तळव्याने डावीकडे हलका दाब ठेवून दांडा सरळ मागे आणावा. दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना बोटे सैल सोडून तो फक्त पुढे ढकलावा. न्यूट्रलमध्ये येताच स्प्रिंगा त्याला आपणहून मध्ये आणतात. आपण उजवीकडे ओढायला गेलो तर पाचव्याच्या रांगेत अडकतो.

या बाबतीतली सर्वांत महागडी चूक तिसऱ्यावरून चौथ्यावर जाताना होते. आवळलेला हात नकळत डावीकडे झुकला तर चौथ्याऐवजी दुसरा गिअर पडतो. वरच्याच एमएक्स-५ च्या गुणोत्तरांनी हिशेब केला, तर तिसऱ्यात ६५०० फेऱ्यांवर असलेले इंजिन दुसऱ्यात क्लच सुटताच ९२०० च्या पुढे खेचले जाते. फेऱ्या मर्यादित ठेवणारी इलेक्ट्रॉनिक व्यवस्था इथे वाचवत नाही, कारण ती फक्त इंधन किंवा ठिणगी तोडू शकते. चाकांनी फिरवलेले इंजिन ती थांबवू शकत नाही. व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळण्याची वेळ अशाच क्षणी येते. म्हणून जोपर्यंत हात सैल होत नाही, तोपर्यंत लाल रेषेजवळ गिअर बदलू नये, हे मी आग्रहाने सांगेन.

खालचा गिअर टाकताना

खाली येताना सारे उलटे होते. तिसऱ्यात २५०० वर असताना दुसरा टाकायचा तर त्याच वेगाला इंजिन सुमारे ३५५० वर हवे. क्लच दाबल्यावर ते खाली चाललेले असते आणि त्याला वर न्यावे लागते. क्लच दाबलेला असताना ॲक्सिलरेटरला एक छोटा, मोजका ठोका द्यायचा आणि काटा वर जात असतानाच क्लच सोडायचा. ठोका दिलाच नाही तर डोके पुढे जाते, आणि ओल्या रस्त्यावर मागच्या चाकांची गाडी असेल तर ती चाके क्षणभर घसरूही शकतात. उजव्या पायाच्या पुढच्या भागाने ब्रेक आणि बाहेरच्या कडेने किंवा टाचेने ॲक्सिलरेटर, ही प्रसिद्ध पद्धत लगेच शिकू नये. आधी ब्रेक न लावता, मोकळ्या रस्त्यावर वेग स्थिर ठेवून हा ठोका जमवावा. २००९ च्या निस्सान ३७०झेडपासून काही मॅन्युअल गाड्या हा ठोका आपणहून देऊ लागल्या. ती सोय उत्तम आहे, पण शिकण्याच्या काळात तिचे बटण बंद ठेवावे, नाहीतर कानाला योग्य फेऱ्यांचा सूर कधी ओळखूच येत नाही.

आणि खरोखरच गाडी दोषी असेल तर

दोन-तीन आठवडे वरीलप्रमाणे सराव करूनही गचका त्याच तीव्रतेने राहिला, तर यांत्रिक तपासणी करावी, आणि ती भाग बदलण्याआधी करावी. इंजिन मंदवेगावर, गिअर न्यूट्रलमध्ये आणि क्लच तळापर्यंत दाबलेला ठेवून काही सेकंद थांबावे आणि मग रिव्हर्स टाकावा. आतला शाफ्ट तोवर थांबायला हवा. तरीही खर्रकन आवाज आला तर पेडल तळाशी असूनही क्लच इंजिनाला गिअरपेटीपासून पूर्ण वेगळे करत नाही. पेडल दोन-तीनदा भराभर दाबल्यावर पकडीची जागा वर सरकत असेल तर क्लचच्या तेलाच्या नळीत हवा शिरली आहे. क्लचसाठी पुष्कळ गाड्यांत ब्रेकचेच तेल वापरले जाते आणि ते हवेतला ओलावा शोषते, म्हणून ते किती जुने आहे हेही पाहावे. क्लच घसरतो का, हे पाहायला वरच्या गिअरमध्ये कमी फेऱ्यांवरून पूर्ण रेस द्यावी. वेग न वाढता काटाच वर पळाला तर प्लेट झिजली आहे किंवा तिला तेल लागले आहे. फक्त निघतानाच, पहिल्या आणि रिव्हर्स गिअरमध्ये, गाडी थडथडत असेल तर अस्तराला आलेली चकाकी, फ्लायव्हीलचा असमान पृष्ठभाग किंवा इंजिनाचे फाटलेले माउंटिंग यांच्याकडे बोट जाते.

बीएमडब्ल्यूच्या बऱ्याच मॅन्युअल गाड्यांत क्लचच्या नळीत तेलाचा प्रवाह मंद करणारी एक बारीक झडप बसवलेली असते. पाय पेडलवरून झटकन सुटला तरी क्लच मागाहून पकडतो, म्हणजे पाय आणि प्लेट यांच्यात एक अंतर पडते. तुम्ही क्लच सुटला असे समजून रेस देता, तेव्हा तो अजून घासत असतो. काही मालक ती झडप काढून टाकतात. तसे करण्यापूर्वी निदान महिनाभर पेडल त्या पट्ट्यातून किंचित सावकाश सोडून पाहावे, कारण झडप काढल्यावर चुकीचा पाय गाडीच्या सर्व भागांवर थेट आदळतो.

गचका न बसता दुसरा गिअर जायलाच जड जात असेल, आणि तेही फक्त पहिल्या काही मिनिटांत, तर गिअरपेटीतले तेल थंड असते, एवढेच. ते तापेपर्यंत जबरदस्ती न करता दांडा सिंक्रोवर टेकवून क्षणभर थांबावे, म्हणजे तो आपणहून आत ओढला जातो. तेल बदलायचेच झाले तर निर्मात्याने सांगितलेल्या दर्जाचेच घ्यावे. जीएल-४ आणि जीएल-५ हे गिअरच्या तेलाचे दर्जे आहेत. काही जीएल-५ तेलांतले गंधकयुक्त घटक सिंक्रोच्या पितळी कड्यांना मानवत नाहीत, आणि अधिक आकड्याचे तेल म्हणजे अधिक चांगले, या समजुतीने ते जीएल-४ च्या पेटीत ओतले जाते. उभ्या गाडीत पहिला गिअर अडला तर न्यूट्रलमध्ये क्लच एकदा सोडून पुन्हा दाबावा, किंवा आधी दुसरा टाकून मग पहिला टाकावा. चालत्या गाडीत मात्र पहिला गिअर ठोकून बसवू नये.

सराव रोज पंधरा मिनिटांपेक्षा जास्त करू नये. पाय थकला की घोट्याऐवजी पुन्हा मांडीने पेडल हलू लागते आणि चुकीचीच सवय मुरते. माझ्या गाडीत पहिल्या आठवड्यात ‘मागे, मागे, पुढे, मागे’ असा पुकारा चालू होता. दुसऱ्या आठवड्यात मी न्यूट्रलमध्ये मनातल्या मनात एक मोजू लागले आणि पुकारा विरळ झाला. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी, ३००० वर दुसरा गिअर टाकून क्लच सोडला तेव्हा शेजारून काहीच आवाज आला नाही, म्हणून मी विचारले, आणि बाटलीतले पाणी नुसते थरथरले, असे उत्तर मिळाले.